अनोळखी चहा चाखताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सुट्या पत्तीचे आणि पानाफुलांचे चहा नव्याने चाखू लागलेले लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. एक गोष्ट आधीच सांगते: पहिल्या कपावरून कुठल्याही चहाबद्दल मत बनवू नका. अनोळखी चहा वाईट लागला, तर बहुतेक वेळा पाणी, वेळ किंवा पत्तीचं प्रमाण चुकलेलं असतं. चहाला निदान तीन कप द्या आणि प्रत्येक कपाला यातली एकच गोष्ट बदला.

चहा आणि हर्बल चहा यांत नेमका फरक काय?

कॅमेलिया सायनेन्सिस या झाडाच्या पानांपासून आणि कळ्यांपासून बनतो तो चहा. हिरवा, पांढरा, पिवळा, ऊलाँग, काळा, पु-एर ही सगळी याच एका झाडाची रूपं आहेत. फरक पडतो तो पान खुडल्यानंतर त्याचं काय केलं यामुळे. पान चुरगळलं की पेशी फुटतात आणि आतल्या द्रव्यांना हवा लागून ते काळवंडतं. सफरचंदाची फोड तांबूस पडते तसंच. हिरव्या चहाच्या पानाला वेळेवर वाफ किंवा कढईची धग देऊन ही क्रिया थांबवतात. काळ्या चहात ती पूर्ण होऊ देतात आणि ऊलाँगमध्ये अधेमधे कुठेतरी रोखतात. पांढरा चहा नुसता कोमेजवून सुकवलेला असतो.

बाकी कुठल्याही वनस्पतीची पानं, फुलं, मुळं, साल किंवा फळं पाण्यात उतरवली की तो हर्बल चहा. काही जाणकारांना त्याला 'चहा' म्हणणं आवडत नाही. पण मराठीने एका गवताचंच नाव 'गवती चहा' ठेवलंय, तेव्हा या वादात पडायचं आपल्याला कारण नाही.

सुरुवात कुठून करावी?

एकदम दहा-बारा पाकिटं आणू नका. तीन आणा, तीही थोडी थोडी, दहा ते पंचवीस ग्रॅम. माझ्या मते पहिल्या तिघांत एक भाजलेला चहा असावा: जपानचा होजिचा किंवा चीनच्या वुयी डोंगरातला गडद ऊलाँग. भाजल्याचा खमंग वास सगळ्यांच्याच ओळखीचा असतो, त्यामुळे जीभ बावरत नाही. दुसरा दार्जिलिंगसारखा मोठ्या पानाचा काळा चहा. तिसरा रूइबोस. हे दक्षिण आफ्रिकेतल्या सेडरबर्ग डोंगरातलं झुडूप आहे, त्याच्या चहाला लाल रंग आणि अंगचा हलका गोडवा असतो. शिवाय तो जास्त वेळ मुरला तरी फारसा कडू होत नाही, म्हणून नवख्या माणसाला फार सोयीचा. सेन्चा (जपानचा हिरवा चहा) आणि पु-एर (चीनचा मुरवलेला चहा) मागाहून घ्या. दोन्ही सुंदर आहेत, पण त्यांची ओळख व्हायला वेळ लागतो.

पत्ती किती आणि पाणी किती?

दोनशे मिलिलिटर पाण्याला दोन ते तीन ग्रॅम पत्ती घेऊन सुरुवात करा. चमच्यावर मात्र विसंबू नका. चीनच्या फूच्यान प्रांतातल्या 'सिल्व्हर नीडल' या पांढऱ्या चहाच्या लवदार कळ्या चमचाभर घेतल्या, तर त्यांचं वजन जेमतेम ग्रॅमभर भरतं. गोळ्या वळलेला ऊलाँग तेवढ्याच चमच्यात तीन-चार ग्रॅम मावतो. दोन्हींना 'एक चमचा' धरलं की एक पाणचट लागतो, दुसरा घशाला ओरखडतो आणि दोष चहाला जातो. ग्रॅमचा दशांश दाखवणारा छोटा काटा असेल, तर किटलीपेक्षाही त्याचा उपयोग जास्त.

चहा चाखण्यासाठी आयएसओ ३१०३ नावाचं आंतरराष्ट्रीय प्रमाणही आहे. त्यात शंभर मिलिलिटर उकळत्या पाण्याला दोन ग्रॅम पत्ती आणि सहा मिनिटं असं माप दिलंय. पण ते वेगवेगळे चहा एका मापाने ताडून बघण्यासाठी आहे. आनंदाने प्यायचा चहा तसा करायला जाऊ नका, बराच कडक होईल.

हिरवा चहा मला कायम कडूच लागतो. तो असाच असतो का?

नाही. या प्रश्नाचं उत्तर मी जरा सविस्तर देते, कारण याच एका कारणाने कितीतरी माणसं हिरव्या चहापासून कायमची दूर जातात.

मी पहिल्यांदा सेन्चा केला तेव्हा खळखळतं पाणी ओतलं आणि पाच मिनिटं झाकून ठेवला. पिवळट, गढूळ पाणी आणि जिभेच्या कडा आकसून टाकणारा कडवटपणा. डबा मागे सरकवून ठेवला तो तीन महिने तसाच. मग कोणीतरी सांगितलं म्हणून त्याच डब्यातल्या पत्तीवर सत्तर अंशांचं पाणी ओतलं आणि मिनिटभरात गाळला. कपात फिकट हिरवं, काहीसं दाट पाणी आलं. कोवळ्या वाटाण्याच्या शेंगा सोलताना येतो तसा वास आणि घोट गिळल्यावर घशात उरणारा गोडवा. चहा तोच होता, उलट तीन महिने शिळाही झालेला.

पानात कडू-तुरट चव देणारी कॅटेचिन्स आणि कॅफिन असतात, तशीच थिआनिनसारखी अमिनो आम्लंही असतात. अमिनो आम्लं कोमट पाण्यातही सहज उतरतात. कॅटेचिन्स आणि कॅफिन भराभर उतरायला कडक पाणी लागतं. म्हणजे पाणी जितकं गरम तितकं कडूचं पारडं जड. सेन्चाला सत्तर ते ऐंशी अंश पुरतात. ग्योकुरो नावाचा चहा खुडणीआधी साधारण तीन आठवडे सावलीत वाढवतात. सावलीमुळे थिआनिन टिकून राहतं, म्हणून त्याला पन्नास-साठ अंशही चालतात. पांढऱ्या चहाला ऐंशीच्या आसपास, ऊलाँगला पंच्याऐंशी ते पंच्याण्णव, काळ्याला नव्वदच्या वर आणि पु-एरला थेट उकळतं पाणी.

तापमापक नसेल तर उकळलेलं पाणी एका गार भांड्यातून दुसऱ्यात ओता. प्रत्येक ओतण्यात साधारण आठ-दहा अंश उतरतात. सेन्चासाठी दोन-तीनदा ओतलं की झालं.

कुठलं पाणी वापरावं?

ज्या पाण्याला स्वतःचा वास नाही आणि जे फार जड नाही, असं कुठलंही. जड पाण्यातल्या कॅल्शियममुळे चहावर तवंग येतो आणि वास दबतो. उलट क्षार पूर्ण काढलेल्या पाण्यात चहा पोकळ लागतो. एकच चहा दोन प्रकारच्या पाण्यात करून बघा. फरक इतका स्वच्छ दिसतो की पुढे सांगावं लागत नाही.

चव 'ओळखायची' म्हणजे नेमकं काय करायचं?

पाणी ओतण्याआधी कोरडी पत्ती हुंगा. गरम, रिकाम्या किटलीत पत्ती टाकून झाकण लावा, दोन-तीन वेळा हलवा आणि पुन्हा हुंगा. कोरड्या पानात न जाणवलेला वास आता येतो. चहा गाळल्यावर ओल्या पानांचा वास घ्या. बऱ्याचदा सगळ्यात जास्त काही सांगणारी हीच पायरी असते आणि नेमकी हीच लोक सोडून देतात.

मग घोट. चक्क आवाज करून भुरका मारा. हवेबरोबर चहा तोंडभर पसरतो आणि वास घशामागून नाकात चढतो. गिळल्यावर तोंड मिटून नाकाने श्वास सोडा. आपण ज्याला चव म्हणतो त्यातला मोठा वाटा खरं तर वासाचा असतो. खात्री करायची असेल तर नाक चिमटीत धरून घोट घ्या आणि गिळल्यावर चिमटी सोडा. फुलाफळांचा सगळा भाग त्याच क्षणी उलगडतो.

घाई नको. फार गरम असताना जिभेला काही कळत नाही. शिवाय ६५ अंशांपेक्षा जास्त गरम पेय नेहमी पिण्याने अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका संभवतो, असा निष्कर्ष जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ मध्ये काढला आहे. कप थोडा निवू द्या. गरम, कोमट आणि गार अशा तिन्ही टप्प्यांवर एकेक घोट घ्या. चांगला चहा गार झाल्यावरही उभा राहतो.

तुरट आणि कडू यांत माझा गोंधळ होतो.

बहुतेकांचा होतो. कडू ही जिभेवरची चव. तुरटपणा चहाच्या बाबतीत मुख्यतः स्पर्शातून कळतो: चहातली पॉलिफेनॉल्स लाळेतल्या प्रथिनांना चिकटतात, लाळेचा गुळगुळीतपणा जातो आणि गालांची आतली बाजू कोरडी, खरखरीत वाटते. घोट गिळून जीभ टाळूवर फिरवा. अडखळली तर चहा तुरट आहे. दार्जिलिंगमध्ये थोडा तुरटपणा हवाच, त्यानेच चहाला धार येते.

सेन्चा-ग्योकुरोत आणखी एक चव भेटते, रश्श्यासारखी भरीव, तोंड भरून टाकणारी. जपानी रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये तिला 'उमामी' हे नाव दिलं. पहिल्यांदा ती विचित्र वाटू शकते, कारण चहाकडून आपण ती अपेक्षितच नसतो.

पाकिटावर लिहिलेले वास मला येतच नाहीत. माझं काही चुकतंय का?

काहीच चुकत नाही. पाकिटावर 'ऑर्किड' लिहिलंय आणि तुम्ही ऑर्किड कधी हुंगलेलंच नसेल, तर तो शब्द तुमच्या उपयोगाचा नाही. तुमच्या आठवणीतला शब्द शोधा. माझ्या वहीत एका चहापुढे 'नवीन वहीची पानं' असं लिहिलंय, दुसऱ्यापुढे 'पाऊस थांबल्यावर तापलेला दगड'. दुसऱ्या कोणाला याचा अर्थ लागणार नाही, पण ते चहा मला लगेच आठवतात. वही मात्र ठेवाच. चहाचं नाव, ग्रॅम, तापमान, वेळ आणि एक ओळ, इतकंच पुरे. महिनाभराने तोच चहा पुन्हा प्या, जुनी ओळ न वाचता. मग दोन्ही ओळी शेजारी ठेवून बघा.

एकच पत्ती पुन्हा वापरता येते?

मोठ्या पानाची पत्ती असेल तर जरूर. ऊलाँगची तर खरी मजा तिथेच आहे. चिनी पद्धतीत शंभर मिलिलिटरच्या लहान भांड्यात पाच ग्रॅम पत्ती घेऊन प्रत्येक पाणी अवघं पंधरा-वीस सेकंद ठेवतात. तिएग्वानयिन या गोळ्या वळलेल्या ऊलाँगचा एक वाटाण्याएवढा गोळा घेऊन बघा. पहिल्या पाण्यात तो नुसता सैल होतो. दुसऱ्यात कडा सुटतात. चौथ्या पाण्यापर्यंत पूर्ण पान उलगडलेलं असतं, देठासकट, कडेला किंचित तांबूस आणि मध्ये हिरवं. ती तांबूस कड म्हणजे पान हलवताना जिथे घासलं आणि हवा लागली, तो भाग. ऊलाँग कसा करतात हे ते पानच दाखवतं. चवही दर पाण्याला सरकते: आधी फुलं, मग लोण्यासारखा गुळगुळीतपणा, शेवटी नुसता गोडवा. सहा-सात पाणी सहज निघतात.

बारीक चुऱ्याची पत्ती मात्र पहिल्याच पाण्यात सगळं देऊन मोकळी होते. भिजलेली पत्ती रात्रभर ठेवून दुसऱ्या दिवशी वापरू नका.

हर्बल चहा किती वेळ ठेवायचा?

आयुर्वेदातले तीन शब्द इथे अगदी चपखल बसतात: फांट, काढा आणि हिम. पानं-फुलं नाजूक असतात, त्यांचा फांट करायचा. वरून उकळतं पाणी ओतायचं, झाकायचं आणि पाच ते दहा मिनिटांनी गाळायचं. मुळं, साल, कठीण बिया यांचा काढा: मंद आचेवर दहा-पंधरा मिनिटं उकळायचं. हिम म्हणजे गार पाण्यात भिजवणं.

झाकण विसरू नका. पुदिना, गवती चहा, कॅमोमाइल यांचा जीव त्यांच्या उडून जाणाऱ्या तेलात असतो. झाकण उचलल्यावर त्याच्या आतल्या बाजूचे थेंब हुंगून बघा, म्हणजे उघड्या कपातून काय निसटतं ते कळेल.

हिम करताना एक काळजी घ्या. वाळवलेल्या वनस्पतींवर जंतू असू शकतात आणि थंड पाण्याने ते मरत नाहीत. म्हणून हर्बल मिश्रणाचा आधी उकळत्या पाण्याने फांट करून मग तो गार करणं बरं. हिरवा चहा किंवा ऊलाँग फ्रिजमध्ये आठेक तास भिजवायला हरकत नाही. तो कमी कडू आणि जास्त गोडसर उतरतो. पाण्याची बरणी उन्हात ठेवून चहा करण्याची पद्धत मी सुचवणार नाही. त्या कोमट पाण्यात जंतू झपाट्याने वाढतात.

'हायबिस्कस' म्हणजे जास्वंदच ना?

कुळ एकच, झाड वेगळं. चहात वापरतात ती लाल अंबाडी. फूल गळून गेल्यावर बोंडाभोवती उरणारं मांसल, लाल आवरण वाळवतात. चव चांगलीच आंबट असते. तिच्याबरोबर दुसरं काही मिसळलं असेल तर तीच पुढे येते, म्हणून ती एकदा एकटी प्या. मग कुठल्याही लाल मिश्रणात ओळखू येईल.

हर्बल चहात कॅफिन नसतंच ना?

बहुतेकांत नसतं, पण सगळ्यांत नाही. दक्षिण अमेरिकेतल्या येर्बा माते आणि ग्वायुसा या वनस्पतींत भरपूर असतं. खऱ्या चहाच्या बाबतीत दोन गैरसमज फार पसरलेत. पांढऱ्या चहात कॅफिन नगण्य असतं, हा पहिला. कोवळ्या कळ्यांत ते उलट जास्तच असतं. दुसरा असा की पहिलं पाणी तीस सेकंदांत फेकून दिलं की कॅफिन निघून जातं. थोडं जातं, बरंचसं पानातच राहतं. संध्याकाळी प्यायचं असेल तर रूइबोस किंवा कॅमोमाइल घ्या. गरोदरपणात दिवसाला दोनशे मिलिग्रॅम कॅफिनची मर्यादा सांगतात. त्यात कॉफी, कोला, चॉकलेट हे सगळं धरायचं.

नैसर्गिक आहे म्हणजे निर्धोक, असं समजावं का?

समजू नये. ज्या झाडात सुगंध आणि चव देणारी द्रव्यं असतात, त्यातच शरीरावर काम करणारी द्रव्यंही असतात. ज्येष्ठमध रोज आणि बराच काळ घेतला तर रक्तदाब वाढू शकतो आणि पोटॅशियम उतरू शकतं. सेंट जॉन्स वर्ट अनेक औषधांचा परिणाम कमी करतं, गर्भनिरोधक गोळ्यांचासुद्धा. शेवंतीच्या कुळातल्या फुलांची अ‍ॅलर्जी असेल तर कॅमोमाइलही त्रास देऊ शकतं. 'वजन घटवणारा' म्हणून विकल्या जाणाऱ्या मिश्रणात सोनामुखी आहे का ते वाचा. ती रेचक आहे, रोज पिण्याची गोष्ट नाही. नियमित औषध चालू असेल, गरोदर असाल किंवा बाळाला पाजत असाल, तर नवीन वनस्पती सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचाराच. आणि ज्या पाकिटावर घटक लिहिलेले नाहीत, ते चाखायला घेऊ नका, वास कितीही मोहक असो.

साध्या चहाबद्दलही एक: जेवणाबरोबर प्यायल्यास तो वनस्पतिजन्य लोह शोषायला अडथळा करतो. रक्तात लोह कमी असेल तर जेवण आणि चहा यांत तासाभराचं अंतर ठेवा.

लेबलवरच्या नावांचा अर्थ काय?

'ऑरेंज पिको'चा संत्र्याशी काही संबंध नाही. ती पानाच्या आकाराची प्रतवारी आहे. टी, जी, एफ अशी अक्षरं जितकी वाढतात तितकं पान अखंड आणि कळ्या जास्त, एवढं लक्षात ठेवलं तरी चालेल. चवीची हमी त्यातून मिळत नाही. मी तरी ती अक्षरं सोडून खुडणीचा महिना आणि वर्ष शोधते. 'फर्स्ट फ्लश' म्हणजे वसंतातली पहिली खुडणी, हलकी आणि फुलांच्या वासाची. 'सेकंड फ्लश' त्यानंतरची, भरीव.

दार्जिलिंगच्या दुसऱ्या खुडणीतल्या द्राक्षासारख्या वासाला 'मस्कटेल' म्हणतात. तुडतुडे पान शोषतात, झाड बचावासाठी सुगंधी द्रव्यं तयार करतं आणि त्यातून हा वास घडतो. तैवानचा 'ओरिएंटल ब्यूटी' ऊलाँगही तुडतुड्यांच्याच कृपेने मधासारखा लागतो. त्यासाठी त्या मळ्यांवर कीटकनाशक मारून चालत नाही.

पु-एरला मातीसारखा वास येतो. खराब झालाय का?

ओल्या मातीचा, जुन्या लाकडाचा वास आला तर ठीक आहे. नाकाला टोचणारा बुरशीचा वास असेल तर फेका. चीनच्या युन्नान प्रांतातला हा चहा सूक्ष्मजीवांच्या मदतीने मुरवतात. कच्चा प्रकार वर्षानुवर्षं हळूहळू मुरतो. 'पिकवलेला' प्रकार पत्तीचे ओलसर ढीग लावून काही आठवड्यांत तयार करतात. ही रीत १९७० च्या दशकात बसली. पहिलं पाणी दहा सेकंदांत ओतून टाका आणि दुसऱ्यापासून प्या.

दूध-साखर घातली तर बिघडतं का?

तुमचा चहा आहे, घाला. फक्त पहिला कप कोरा प्या, म्हणजे काय झाकतोय ते कळेल. दुधातली प्रथिनं पॉलिफेनॉल्सना धरून ठेवतात, म्हणून तुरटपणा मऊ होतो. दणकट काळ्या चहाला ते शोभतं. पांढऱ्या आणि हिरव्या चहाची नाजूक चव मात्र त्यात पार बुडते.

साठवण कशी करावी?

हवा, उजेड, ओल, उष्णता आणि परका वास यांपासून लांब, घट्ट झाकणाच्या अपारदर्शक डब्यात. परक्या वासाचं गांभीर्य मला उशिरा कळलं. सिल्व्हर नीडलचं पाकीट मी साबणाच्या वड्या असलेल्या खणात पंधरा दिवस ठेवलं होतं. नंतर त्या कळ्यांतून साबणाचा वास काही केल्या जाईना. पान वास ओढून घेतं. ताज्या फुलांच्या थरांत रात्रभर ठेवून मोगऱ्याच्या जातीचा जॅस्मिन चहा करतात, तोही याच गुणावर. हिरवा चहा सहा महिने ते वर्षभरात संपवा. काळा आणि गडद ऊलाँग जास्त टिकतात. फ्रिजमधला डबा खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडू नका, नाहीतर पत्तीवर दव धरतं.

तीन कप पिऊनही आवडला नाही, तर?

मग तो तुमचा चहा नाही, आणि त्यात वाईट काही नाही. मला लॅपसांग सूशाँग, देवदारासारख्या लाकडाच्या धुरावर सुकवलेला तो चिनी काळा चहा, पूर्ण कपभर अजून पिववत नाही. पण चिमूटभर साध्या काळ्या चहात मिसळला की शेकोटीची हलकी आठवण देऊन जातो आणि तेवढी मला हवीशी वाटते. नावडता चहा आधी असा मिसळून बघा, नाहीतर गार पाण्यात भिजवून. तरीही जमला नाही तर पाकीट ओलसर किंवा शिळं होण्याआधी एखाद्याला देऊन टाका आणि वहीत तारीख टाकून 'नको' असं लिहून ठेवा. माझ्या वहीत असे नऊ 'नको' आहेत. त्यांतल्या दोघांपुढे पुढच्या वर्षीच्या तारखेने 'हवा' असं लिहिलं आहे.